स्नायूंचे मुद्दल

२००४ साली ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात एक अगदी छोटा लेख प्रसिद्ध झाला. त्यात दोन डॉक्टरांचे छायाचित्र होते : पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा बीएमआय नावाचा आकडा दोघांचाही नेमका सारखा, म्हणजे २२.३ होता. दोघेही अंगाने सडपातळ. परंतु शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या अंगात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. दोघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून या विसंगतीला ‘वाय-वाय विरोधाभास’ असे नाव मिळाले. दिसायला बारीक, पण आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, ही ठेवण भारतीय बालकांत जन्मापासूनच आढळते, हेही पुण्यातील याच संशोधनातून पुढे आले.

व्यापारी कुटुंबांनी हा आकडा थोडा थांबून पाहावा असा आहे. सकाळी दहाला उघडलेले दुकान रात्री नऊला बंद होते, आणि मधला सारा वेळ गादीवर किंवा गल्ल्यामागच्या खुर्चीवर जातो. माल उचलायला माणसे असतात, घरी परतायला गाडी असते. ‘लग्नात होते तेवढेच वजन आजही आहे,’ असे पन्नाशीतले अनेक जण समाधानाने सांगतात. वस्तुतः तिशीनंतर दर दशकाला साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटत जातात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. काटा तोच आकडा दाखवतो, कारण जेवढे स्नायू गेले तेवढी चरबी आली. गोदामात पोती तितकीच दिसावीत, पण खपणारा माल संपून पडीक माल साचत जावा, तसा हा प्रकार आहे. व्यापाऱ्याला दुकानात तो लगेच कळतो. स्वतःच्या मांड्यांत आणि खांद्यांत मात्र कळत नाही.

याचा पहिला फटका रक्तातील साखरेला बसतो. जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घेण्याचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते कोठार आकसले की साखरेला जागा उरत नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज दिला गेला.

दुसरा फटका अधिक हळूहळू बसतो आणि तो उपाश्रयात डोळ्यांना दिसतो. प्रतिक्रमणाच्या वेळी भिंतीलगत मांडलेल्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत. दोन गुडघे, दोन हात आणि मस्तक भूमीला टेकवून घातलेले खमासमण हे शारीरिक दृष्टीने पाहिले तर बैठकीच्या जवळ जाणारेच कर्म आहे. खाली जायला मांड्यांचा संयम लागतो आणि उठायला मांड्यांचे बळ. गुडघे गेले म्हणून खुर्ची आली असे सांगितले जाते. अनेकदा आधी मांडीचे स्नायू गेलेले असतात, आणि गुडघ्यांनी त्यानंतर तक्रार सुरू केलेली असते.

येथे एक दिलासा आहे. १९९० साली अमेरिकेत एका वृद्धाश्रमातील सरासरी ९० वर्षे वयाच्या दहा दुर्बल व्यक्तींकडून आठ आठवडे मांड्यांचा वजनासह व्यायाम करून घेण्यात आला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीतील स्नायूही मापात वाढले. नव्वदीत हे घडू शकते, तर पंचावन्नाव्या वर्षी ‘आता काय वय आहे का’ असे म्हणण्यास फारसा आधार उरत नाही.

चुकीचे ध्येय

मग लोक व्यायामशाळेत जात नाहीत असे नाही. दिवाळीनंतर नव्या वह्यांबरोबर वर्षाचे शुल्कही भरले जाते. महिन्याभरात जाणे कमी होते, आणि पुढे फक्त पावती उरते. याला इच्छाशक्तीचा अभाव म्हटले जाते. ते निदान घाईचे आहे. बहुतेक वेळा दोष ध्येयातच असतो.

‘आठ किलो कमी करायचे’ हे स्नायू कमावण्याचे ध्येय नव्हे. खाणे तोडून ते गाठता येते आणि त्यात उरलेले स्नायूही जातात. ‘आरशात छाती दिसली पाहिजे’ हे तरुणांचे ध्येय त्याहून फसवे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मज्जातंतू आणि स्नायू यांचा मेळ सुधारल्यामुळे; स्नायूंचा आकार डोळ्यांना दिसण्याइतका बदलायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे आरसा ज्याचा परीक्षक, तो नेमका पाचव्या-सहाव्या आठवड्यात, पाया भरत असतानाच, नापास ठरतो आणि घरी बसतो. काही मुले याच टप्प्यावर ओळखीच्या कोणाकडून मिळालेली, नाव-गाव नसलेली पावडर किंवा सुई स्वीकारतात. तीत काय असते ते घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि यकृत, हृदय व प्रजननशक्ती यांवर होणारा परिणाम वर्षांनी कळतो. वडीलधाऱ्यांनी याबाबतीत संकोच न करता विचारावे.

शरीर काय करू शकते, याचे ध्येय ठेवले तर प्रगती पहिल्या पंधरवड्यापासून मोजता येते. सर्वांत सोपे मोजमाप घरच्या खुर्चीवर होते. भिंतीला टेकवलेल्या, सुमारे ४३ सेंटीमीटर उंच खुर्चीवर बसावे, हात छातीवर घडी करून ठेवावेत आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. ६० ते ६४ या वयोगटात पुरुषांना १४ पेक्षा आणि स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा उठता आले, तर ताकद वयाच्या मानाने कमी समजतात. आज ९ आले तर दीड महिन्याने १२, हे झाले ध्येय. हाताचा आधार न घेता जमिनीवरून उठणे, धान्याची दहा किलोची पिशवी दुसऱ्या मजल्यावर नेणे, सगळी खमासमणे खुर्चीविना करणे, हीही तशीच ध्येये आहेत.

आणि ज्यांना मोठे ध्येय हवे, त्यांच्यासाठी पर्वत आहेतच. शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या आहेत, आणि वर मुक्काम करता येत नसल्याने चढाई व उतरणे एकाच दिवसात करावे लागते. सम्मेदशिखरजीची वंदना चढ, प्रदक्षिणा आणि उतार मिळून सुमारे २७ किलोमीटरची. ज्यांना स्वतःच्या पायांनी यात्रा करावीशी वाटते, पण गेल्या वेळी डोली करावी लागली, त्यांच्यापाशी कोणत्याही व्यायामशाळेच्या जाहिरातीहून बळकट कारण आहे.

प्रेरणेऐवजी नियम

तरीही कारण बळकट असून भागत नाही. २००२ साली ब्रिटनमधील २४८ विद्यार्थ्यांवर झालेला एक प्रयोग या बाबतीत बोलका आहे. पुढच्या आठवड्यात निदान एकदा २० मिनिटे जोमाचा व्यायाम करायचा, एवढेच काम होते. एका गटाला विशेष काही सांगितले नाही. त्यातील ३८ टक्के जणांनी व्यायाम केला. दुसऱ्या गटाला व्यायामाचे हृदयाला होणारे लाभ पटवून देणारी माहिती वाचायला दिली. त्यातील ३५ टक्क्यांनी केला. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि शिवाय कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे व्यायाम करणार ते स्वतःच्या हाताने लिहायला लावले. त्यातील ९१ टक्के जणांनी तो केला. महत्त्व पटवल्याने जवळजवळ काहीच हलले नाही. वेळ आणि जागा ठरवल्याने सारे हलले.

जैन घरात वाढलेल्याला यात नवल वाटू नये. पच्चक्खाण असेच असते. ‘कमी खाईन’ असा मोघम संकल्प तेथे चालत नाही. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे, चौविहार म्हणजे सूर्यास्तापासून, अशी काळाची मर्यादा स्पष्ट असते. आज मन आहे की नाही, हा प्रश्न पच्चक्खाण घेतलेला मनुष्य स्वतःला विचारत नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या तालमींतही तो कोणी विचारत नसे. पहाट झाली की जोर-बैठका सुरू, आणि त्या मोजून. व्यायामाचा संकल्प याच भाषेत करावा : ‘सोमवार, बुधवार, शनिवार, सकाळी आठ वाजता, गॅलरीत, वीस मिनिटे, तीन महिन्यांपर्यंत.’ जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व प्रमुख स्नायूंच्या व्यायामाची आहे. दोन दिवसांचा नियम पाळला जाणे, सहा दिवसांचा मोडला जाण्यापेक्षा केव्हाही फायद्याचे.

एखादी कृती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका अभ्यासात हा काळ कोणाला १८ दिवस, तर कोणाला २५४ दिवस लागेल असे दिसले. मध्यक ६६ दिवसांचा निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते, हे प्रचलित विधान तेवढ्यापुरते विसरावे. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली : मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष बाधा येत नाही. धर्मशास्त्राने व्रताच्या दोषांत अतिचार आणि अनाचार असा भेद केला आहे, तो येथेही उपयोगी पडतो. बाहेरगावच्या खरेदीमुळे बुधवार हुकला, तर तो अतिचार. ‘आता हुकलेच आहे, तर पुढच्या महिन्यापासून पाहू,’ असे म्हणणे हा अनाचार.

व्यायाम कोणता करावा, याचा फार खल नको. खुर्चीवरून उठणे-बसणे, पायरीवर चढ-उतार, भिंतीला आणि पुढे जमिनीवर हात टेकून जोर, रबरी पट्टा ओढणे, जमिनीवरून वजन उचलणे, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणे, एवढ्यात सर्व शरीर येते. खरा मुद्दा वाढीचा आहे. वर्षभर दोन किलोचेच डंबेल्स उचलणारा माणूस हात हलवतो, स्नायू वाढवत नाही. जे वजन ८ वेळा उचलता येते, त्याने हळूहळू १२ वेळांपर्यंत जावे. दोन्ही फेऱ्यांत १२ पूर्ण झाले की वजन थोडे वाढवून पुन्हा ८ वर यावे. प्रत्येक फेरी संपताना आणखी दोन-तीन वेळा जमले असते, अशी स्थिती असावी. मात्र छातीत दुखणे किंवा चक्कर आल्यास तत्काळ थांबावे, आणि हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा मणक्याचा त्रास असलेल्यांनी प्रारंभच डॉक्टरांना विचारून करावा.

हे सर्व लिहून ठेवावे लागते. स्मरणावर चालत नाही. तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, असे चार रकाने पुरेत. रोजमेळ लिहिणाऱ्या घराण्याला हे शिकवावे लागू नये, तरी स्वतःच्या शरीराची वही असलेला व्यापारी विरळाच. मागच्या सोमवारी ९ आणि या सोमवारी १०, हा एकाचा फरक डोळ्यांसमोर आला की पुढच्या सोमवारचे कारण त्यातूनच तयार होते.

ताटाचा हिशेब

मांसाहार नाही, अंडी नाहीत, रात्रीचे जेवण नाही, मग स्नायू कसे होणार, ही शंका घरातील मुले विचारतात आणि व्यायामशाळेतले शिक्षक ती पक्की करतात. सरळ हिशेब मांडला तर ती टिकत नाही. ७० किलो वजनाच्या प्रौढाला सामान्यतः दिवसाला सुमारे ५८ ग्रॅम प्रथिने पुरतात. स्नायू वाढवायचे असतील तर ८४ ते ११२ ग्रॅम लागतात. नवकारशीनंतर ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी आणि पेलाभर तापवलेले दूध, मिळून २२ ग्रॅम. दुपारी तीन पोळ्या, घट्ट वरण आणि मोड न आणलेल्या मुगाची किंवा चवळीची उसळ, मिळून २८. चारच्या सुमारास मूठभर फुटाणे, ८. सूर्यास्तापूर्वी १०० ग्रॅम पनीर, दोन पोळ्या आणि वाटीभर दही, मिळून ३०. बेरीज ८८. द्विदळाचा नियम पाळणाऱ्यांसाठी कच्चे दही संध्याकाळी, कडधान्यांपासून वेगळे ठेवले आहे. कांदा-बटाटा वर्ज्य केल्याने स्नायूंचे काहीही बिघडत नाही.

बहुतेक घरांत गडबड होते ती वरणाच्या पातळपणात. पाण्यासारखे वरण, भाताचा डोंगर आणि सोबत फरसाण, हे शाकाहारी जेवण आहे पण स्नायूंचे जेवण नाही. त्यातही घरातील स्त्रिया शेवटी बसतात आणि त्यांच्या वाट्याला तळाचे वरण येते. रजोनिवृत्तीनंतर स्नायू आणि हाडे दोन्ही झपाट्याने झिजतात. म्हणून वजन उचलण्याच्या व्यायामाची गरज सर्वांत अधिक कोणाला असेल, तर ती घरातील पंचेचाळिशीपुढच्या सुनेला आणि तिच्या सासूबाईंना. वजने उचलल्याने बायका पुरुषांसारख्या दिसू लागतात, ही भीती निराधार आहे. तेवढे पुरुषी संप्रेरक त्यांच्या शरीरात नसते.

डब्यातील पावडरीविषयी थोडे. व्हे प्रोटीन दुधापासूनच होते आणि गरजेपुरते घेण्यास हरकत नाही. परंतु हिरव्या ठिपक्यावर पूर्ण भिस्त ठेवू नये. अन्नसुरक्षेच्या नियमांत मध, मेण आणि लाख यांची गणना मांसाहारात होत नाही. त्यामुळे मध घातलेल्या प्रोटीन बारवरही हिरवा ठिपका असू शकतो. घटकांची यादी वाचावी. कॅप्सूलचे आवरण अनेकदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांची हाडे व कातडी यांपासून केलेले असते. शाकाहारी व्यक्तींनी बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. ही कमतरता असेल तर थकवा येतो आणि दोष आळसाला दिला जातो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत.

राहिला उपवासाचा प्रश्न. अठ्ठाईत किंवा दशलक्षणाच्या उपवासांत थोडे स्नायू घटणारच. ते नाकारण्यात अर्थ नाही. त्या दिवसांत वजने उचलू नयेत, हलके चालणे पुरे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपवास व औषधे यांचा मेळ आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. पारण्यानंतर आहार हळूहळू वाढवावा आणि व्यायाम निम्म्या वजनाने सुरू करावा. एकदा कमावलेले स्नायू घटले तरी दुसऱ्या वेळी ते लवकर भरून येतात. आयंबिलात दूध-दही नसले तरी डाळी चालतात, म्हणून त्या नऊ दिवसांत धिरडी आणि उकडलेली कडधान्ये वाढवून व्यायाम चालू ठेवता येतो. वर्षीतपासारख्या दीर्घ तपात मात्र वाढीचे ध्येय ठेवूच नये. आठवड्यातून एक दिवस, बियासण्याच्या दिवशी, पूर्वीच्याच वजनाने थोडा व्यायाम केला तर मिळवलेली ताकद बरीचशी टिकून राहते. त्या वर्षीच्या वहीत आकडा तोच राहिला, तर तो तोटा समजू नये.

शत्रुंजयाची यात्रा चातुर्मासात बंद असते आणि कार्तिकी पौर्णिमेला पुन्हा सुरू होते. आषाढातील चौदशीपासून मोजले तर हे चार महिने, म्हणजे सुमारे सतरा आठवडे होतात. पहिले पाच-सहा आठवडे खुर्ची आणि भिंतीवरचे जोर. मग पर्युषणात विश्रांती, आणि पारण्यानंतर दहा-बारा दिवस हलका सराव. भाद्रपदाच्या उत्तरार्धापासून पायऱ्या, त्याही चढण्यापेक्षा उतरण्याच्या अधिक. चढताना धाप लागते, पण मांड्यांची खरी परीक्षा उतरताना होते. प्रत्येक पायरीवर त्या शरीराचा भार रोखत खाली आणत असतात, आणि दुसऱ्या दिवशी जे पाय धरून ठेवतात ते याच कामामुळे. म्हणून एक पाऊल खाली टेकवायला सावकाश तीन आकडे मोजावेत आणि हा सराव दर आठवड्याला थोडा वाढवावा. आश्विनातील ओळी वर सांगितल्याप्रमाणे. धनत्रयोदशीच्या आठवड्यात दुकानातून डोके वर काढायला सवड नसते, तेव्हा एकच दिवस, वीस मिनिटे. लाभपंचमीला वह्या उघडतील, त्याच दिवशी शेवटचा मोठा सराव. त्यानंतर पौर्णिमेपर्यंत दहा दिवस उरतात. त्यात फक्त चालावे, पोटभर जेवावे आणि लवकर झोपावे.